परग्रहावरचं कुणी अजून सापडलं कसं नाही?

नारायणगावहून खोडदकडे निघालं, की द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या मळ्यांमधून जाळीच्या प्रचंड डिश डोकं वर काढतात. ही जीएमआरटी, पुण्याच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवरची रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, ती सगळ्यांना बघता येते. तिथे येणाऱ्या शाळकरी मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "एवढ्या मोठ्या दुर्बिणी आहेत, मग परग्रहावरचं कुणी अजून सापडलं कसं नाही?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर मला दोन वाक्यांत सांगता येईल. एक, आपण अजून फारसं शोधलेलंच नाही. दोन, जिथे शोधलं तिथे काही सापडलं तरी "हे सजीवाचंच काम" असं छातीठोकपणे म्हणणं फार अवघड निघालं. पहिल्या मुद्द्यावर बरंच बोललं जातं, दुसऱ्यावर फारच कमी. माझ्या मते खरी गाठ दुसऱ्यात आहे.

आधी फर्मीचं बघू, कारण हा विषय निघाला की त्याचं नाव निघतंच. १९५० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत लॉस अलामोसला सहकाऱ्यांबरोबर जेवताना एन्रिको फर्मी या भौतिकशास्त्रज्ञाने विचारलं, मग सगळे आहेत कुठे? त्यामागचा हिशेब सोपा आहे. आपल्या आकाशगंगेत दहा हजार कोटींहून जास्त तारे आहेत आणि ती १,३०० कोटी वर्षं जुनी आहे. प्रकाशाच्या शंभराव्या हिश्श्याच्या वेगाने कुणी निघालं, तरी एक कोटी वर्षांत या टोकाचं त्या टोकाला पोचेल. वेळ तर भरपूर होता, मग कुणी आलं कसं नाही? पण हा प्रश्न फक्त तारे ओलांडून प्रवास करणाऱ्यांबद्दल आहे. एखाद्या ग्रहावर नुसते जिवाणू असतील, किंवा हुशार प्राणी असूनही ते घर सोडून कुठे गेले नसतील, तर फर्मीच्या प्रश्नाला त्यांच्याबद्दल काहीच म्हणायचं नाही. "कुणी आलं नाही" यावरून "कुणी नाहीच" असा निष्कर्ष काढणारे ही पायरी गाळतात.

आता अंतर. हा शब्द आपण इतक्यांदा ऐकलाय की त्याचं वजन जाणवत नाही, म्हणून खोडदचंच उदाहरण घेतो. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपीय अवकाश संस्थेचं स्कियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याच्या छोट्याशा ट्रान्समीटरचा क्षीण संकेत थेट पृथ्वीवर पकडायचा प्रयोग जीएमआरटीवर केला गेला, आणि तो जमला. यान मंगळाच्या वातावरणात शिरत असताना त्याचा आवाज खोडदला येत होता, जवळपास दहा मिनिटांच्या उशिराने, कारण रेडिओ लहरींनाही तेवढा वेळ लागतोच. उतरण्याच्या ठरलेल्या वेळेच्या थोडं आधी संकेत तुटला. यान मंगळावर आदळून फुटल्याचं नंतर कळलं. पण मंगळाजवळच्या एका लहान यानाचा आवाज आपल्या जुन्नर तालुक्यात ऐकू येतो, ही गोष्ट मला आजही थरारक वाटते.

तोच ट्रान्समीटर आता सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापाशी, प्रॉक्सिमा सेंटॉरीजवळ नेऊन ठेवा. तिथून लहरी यायला दहा मिनिटं नाही, सव्वाचार वर्षं लागतील. म्हणजे अंतर सव्वादोन लाख पटींहून जास्त. आणि संकेताची ताकद अंतराच्या वर्गाने घटते: दुप्पट अंतर, तर पाव ताकद. हिशेब केला तर तो संकेत सुमारे पाच हजार कोटी पटींनी क्षीण होईल. हा झाला शेजारचा तारा. आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षं आहे.

याची उलटी बाजूही तपासलेली आहे. आपल्यासारखंच तंत्रज्ञान समोरच्याकडे असेल, तर त्यांना आपण किती लांबून ऐकू येऊ? २०२५ च्या एका अभ्यासानुसार, ग्रहांचा वेध घेण्यासाठी पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या दुर्बिणीतून सोडला जाई तसा रडारचा झोत बारा हजार प्रकाशवर्षांवरूनही पकडता येईल. मोबाइल टॉवरचे संकेत मात्र जेमतेम चार प्रकाशवर्षं, म्हणजे प्रॉक्सिमालाही नीट पोचायचे नाहीत. आणि रडारचा तो झोत अतिशय अरुंद असतो, थोडाच वेळ असतो, त्याच्या वाटेत नेमका तो तारा यावा लागतो. अरेसिबोची दुर्बीण तर डिसेंबर २०२० मध्ये कोसळली. आपल्या बाजूचा सर्वांत मोठा आवाज तेव्हापासून बंद आहे.

मग आपण ऐकलंय तरी किती? १९६० साली खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीने या शोधाची सुरुवात केली तेव्हा दोनच तारे निवडले होते, टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडॅनी. वारंवारता धरली १,४२० मेगाहर्ट्झच्या आसपासची. विश्वात सगळीकडे असलेला हायड्रोजन वायू याच वारंवारतेवर रेडिओ लहरी सोडतो, त्यामुळे खगोलशास्त्र जाणणाऱ्या कुणालाही ती माहीत असणार, हा त्यामागचा तर्क. तर्क चांगला आहे, पण तो शेवटी आपलाच अंदाज. समोरच्याने दुसरी वारंवारता धरली असेल, तो दर तीन वर्षांनी एकदाच बोलत असेल, रेडिओऐवजी लेझर वापरत असेल. दिशा, अंतर, वारंवारता, वेळ, संकेताची ताकद आणि तऱ्हा, हे सगळं एकत्र धरून शोध घ्यावा लागतो. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या जेसन राइट, शुभम कनोडिया आणि एमिली लुबार यांनी याचं गणित मांडलं. संपूर्ण शोध म्हणजे पृथ्वीवरचे सगळे महासागर मानले, तर तोवर तपासून झालेला भाग होता सुमारे ७,७०० लिटर पाणी. पुण्यात उन्हाळ्यात सोसायट्यांना जो पाण्याचा टँकर येतो तो साधारण दहा हजार लिटरचा असतो. म्हणजे एक टँकरही भरत नाही, आणि तेवढ्यावर समुद्रात मासे नसल्याचा निकाल काही जण देऊन मोकळे होतात.

ऐकण्यात आणखी एक मोठी अडचण आहे, आपलाच गोंगाट. जीएमआरटीसाठी खोडदचा भाग निवडताना डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलेल्या गोष्टींपैकी एक होती रेडिओ शांतता. आता मोबाइल, विजेच्या तारा, उपग्रह, वायफाय यांचा खळखळाट सगळीकडे आहे, आणि आकाशातला संकेत त्यातून वेगळा काढावा लागतो. त्यासाठी एक साधी, पण हुकमी पद्धत आहे. दुर्बीण ताऱ्याकडे रोखायची, मग बाजूला वळवायची, परत ताऱ्यावर आणायची. संकेत खरंच ताऱ्याकडून येत असेल तर दुर्बीण वळवल्यावर तो गेला पाहिजे. तरीही येत राहिला तर तो आपलाच.

२०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने प्रॉक्सिमा सेंटॉरीच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झवर एक संकेत टिपला. तो या चाळणीतून पार पडलेला दिसत होता. शास्त्रज्ञांनी तो अक्षरशः उलटापालटा करून तपासला. शेवटी २०२१ मध्ये स्पष्ट झालं की अगदी तशाच चालीने सरकणारे संकेत इतर वारंवारतांवरही आहेत आणि दुर्बीण दुसरीकडे वळलेली असतानाही येतात. पृथ्वीवरच्याच कुठल्यातरी इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा तो प्रताप होता. याउलट ओहायोमध्ये १५ ऑगस्ट १९७७ ला मिळालेला ७२ सेकंदांचा तो प्रसिद्ध 'वॉव' संकेत पुन्हा कधीच मिळाला नाही. जे पुन्हा तपासताच येत नाही, ते पुरावा म्हणून उभं राहू शकत नाही. मग ते कितीही चित्तथरारक असो.

जीएमआरटीच्या वाट्यालाही असा गैरसमज आला. जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली की या दुर्बिणीने ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला रेडिओ संकेत पकडला. "संकेत" म्हटल्यावर कुणीतरी पाठवलेला असणार, असं समजून अनेकांनी ती पुढे ढकलली. प्रत्यक्षात तो एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजन वायूचा होता, निघताना २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा आणि विश्व प्रसरण पावत असल्यामुळे इथे पोचेपर्यंत ४८ सेंटिमीटरचा झालेला. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तो उजळला नसता, तर तोही हाती लागला नसता. वैज्ञानिकदृष्ट्या ही फार मोठी कामगिरी होती आणि परग्रहवासीयांच्या चर्चेत ती झाकली गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अंतरासारखाच वेळही आडवा येतो, आणि तो समजायला आपली पृथ्वीच पुरते. तिचं वय सुमारे ४५० कोटी वर्षं. निदान ३५० कोटी वर्षांपासून तिच्यावर जीव आहेत. हवेत ऑक्सिजन जमायला लागला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. आणि रेडिओ? सव्वाशे वर्षांच्या आसपास. गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान डिसेंबर १९९० मध्ये पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर परीक्षा घेतली: पृथ्वी आपल्याला माहीतच नाही असं समजून, केवळ यानाच्या उपकरणांवरून इथे जीव आहे हे ओळखता येतं का? आलं. भरपूर ऑक्सिजन, त्याच्या जोडीला मिथेन आणि ठरावीक वारंवारतांवरचे रेडिओ संकेत. पण तेच यान ३०० कोटी वर्षांपूर्वी आलं असतं, तर ऑक्सिजन नाही, रेडिओ नाही. जीव मात्र तेव्हाही समुद्रात होतेच.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे, पुराव्याकडे.

लोणार आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं. दख्खनच्या बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेलं हे विवर, म्हणून मंगळाचे अभ्यासकही त्याच्याकडे आवर्जून येतात. जून २०२० मध्ये तिथलं पाणी अचानक गुलाबी झालं. उपग्रहाच्या छायाचित्रांतही फरक दिसला. शेवाळ असेल का, रसायनं असतील का, की आणखी काही, असे नाना तर्क निघाले. वन विभागाने नमुने पाठवले. त्यातले काही पुण्याला, आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत आले, आणि तिथे सूक्ष्मदर्शकाखाली उलगडा झाला. पाणी आटून खारटपणा वाढल्यामुळे फोफावलेले, मिठात तगणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. बाटली काही दिवस ठेवली तर ते तळाशी बसून वरचं पाणी नितळ होतं, हेही दिसलं. म्हणजे आपल्याच राज्यातल्या, गाडीने जाता येणाऱ्या तळ्याच्या रंगाचं कारण पक्कं करायला पाण्याची बाटली हातात यावी लागली. परग्रहाच्या बाबतीत बहुतेक वेळा आपल्याकडे फक्त रंग असतो, बाटली नसते.

आणि बाटली हातात असली तरी काम संपत नाही. याचं सर्वांत बोलकं उदाहरण पुण्याशी जोडलेलं आहे. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडून वातावरणाच्या वरच्या थरांतली हवा गोळा केली गेली. सूक्ष्मजीव अवकाशातून पृथ्वीवर येत असतील का, हे तपासायचं होतं. २० एप्रिल २००५ च्या उड्डाणात निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या होत्या, द्रवरूप निऑनने गार ठेवलेल्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर त्या उघडून हवा भरून घेतली. इतक्या उंचीवर साध्या वाऱ्याने काही पोचणं कठीण. नमुने दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तपासले गेले, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांत जिवाणूंच्या तीन प्रजाती अगदी नव्या, अतिनील किरणांना ओळखीच्या भाऊबंदांपेक्षा जास्त पुरून उरणाऱ्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं, दुसरीला इस्रोचं, तिसरीला आर्यभटांचं.

सनसनाटी मथळ्याला याहून जास्त काय लागतं? पण निष्कर्ष संयमाने लिहिला गेला: या प्रयोगावरून हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं निश्चित ठरत नाही. कारण बाकीच्या बहुतेक वसाहतींचे सगेसोयरे जमिनीवर आधीच माहीत होते, आणि नव्या प्रजातीही आपल्या जीवसृष्टीच्याच चौकटीतल्या होत्या. नवी प्रजाती म्हणजे परकी प्रजाती नव्हे. आपल्या अंगणातल्या मूठभर मातीतही नाव न दिलेले जिवाणू सापडतील. ज्या माणसाला ही कल्पना मनापासून तपासायची होती, त्याने हाती आलेल्या निकालाला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त बोलायला लावलं नाही. २० मे २०२५ ला नारळीकर सर पुण्यात गेले. त्यांच्या कामातला हा भाग शाळांमधून शिकवला जायला हवा, असं मला फार वाटतं.

मंगळावर हेच आधी घडून गेलं होतं. १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी तिथल्या मातीत पोषक द्रव टाकला, तर कुणीतरी तो खाऊन वायू सोडावा तशी प्रतिक्रिया आली. पण त्याच यानांच्या दुसऱ्या उपकरणाला सेंद्रिय पदार्थांचा भरवशाचा मागमूस लागला नाही. २००८ मध्ये फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे क्षार सापडले. तापवल्यावर ते सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतात, आणि त्या उपकरणात माती तापवली जात होती. पोषक द्रवाची प्रतिक्रियाही अशा मातीत जिवांशिवाय होऊ शकते. जवळपास अर्धं शतक झालं, बहुतेक तज्ज्ञ ती नुसती रासायनिक प्रतिक्रियाच मानतात, काही जण अजून वाद घालतात.

मग दूरच्या ग्रहांचं काय बोलावं? १९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह सापडला आणि आता ही संख्या सहा हजारांच्या वर गेली आहे. पण त्यातल्या बहुतेकांचं आपण फार तर वजन नाहीतर आकार जाणतो. १२४ प्रकाशवर्षांवरचा के२-१८बी हा ग्रह एप्रिल २०२५ मध्ये गाजला. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून सांगितलं की त्याच्या हवेत डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याचाच भाऊबंद असावा. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती सोडतात. पण तो आकडेमोडीतला योगायोग असण्याची शक्यता हजारात तीन होती. शोध पक्का म्हणायला पंधरा लाखांत एकाहूनही कमी लागते. इतर गटांनी तीच निरीक्षणं तपासली तेव्हा अनेकांना हा वायू खात्रीने दिसलाच नाही. शिवाय हाच रेणू एका धूमकेतूवरही सापडला आहे, जिथे समुद्र नाही की वनस्पती नाहीत.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सूक्ष्मजीव विश्वात बऱ्याच ठिकाणी असावेत आणि रेडिओ बनवणारे फार विरळा. पण हे मतच. जीवसृष्टीचं आपल्याकडे एकमेव उदाहरण आहे, आणि एका उदाहरणावरून "किती वेळा" याचं उत्तर काढता येत नाही. आकाशगंगेत संपर्क साधू शकणाऱ्या संस्कृती किती, याचा अंदाज बांधणाऱ्या ड्रेक यांच्या १९६१ च्या समीकरणात हीच संख्या रिकामी आहे, म्हणून कुणी त्यातून लाखो संस्कृती काढतं आणि कुणी एकही नाही.

ही जागा भरायची पहिली खरी संधी कदाचित मंगळावरच आहे. जुलै २०२४ मध्ये नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरला जेझेरो विवरात येणाऱ्या एका प्राचीन नदीच्या पात्रात एक खडक मिळाला. त्यावर बिबट्याच्या कातडीवर असावेत तसे ठिपके, आणि ठिपक्यांमध्ये व्हिव्हियनाइट (लोहाचं फॉस्फेट) व ग्रेगाइट (लोहाचं सल्फाइड) या खनिजांच्या खुणा. पृथ्वीवर गाळातले सूक्ष्मजीव ही खनिजं तयार करतात, पण ती जिवांशिवायही होऊ शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये शोधनिबंध आला तेव्हा नासाने शब्द वापरले "जीवनाची संभाव्य खूण", पुढे काही नाही. खडकाचा गाभा रोव्हरने कापून नळीत सीलबंद केला आहे, मात्र तो पृथ्वीवर आणायची मोहीम खर्चापायी अडली आहे. चीनचं तिआनवेन-३ यान २०२८ च्या सुमारास निघायचं आहे, पण ते दुसऱ्या जागेचे नमुने आणेल. जेझेरोची नळी ज्या प्रयोगशाळेत उघडेल, तिथे पहिली तपासणी होईल लोह आणि गंधकाच्या समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंची. सूक्ष्मजीव या मूलद्रव्यांचे हलके अणू आधी वापरतात, त्यामुळे त्यांनी घडवलेल्या खनिजात हलक्या अणूंचं प्रमाण बदललेलं असतं. नुसत्या उष्णतेने किंवा रसायनाने असा फरक किती पडू शकतो, हे शेजारी ठेवून मगच ठरवावं लागेल, ते ठिपके कुणी केले.